कॅमेऱ्याचा रोजमेळ कुलुपात हवा

२८ मार्च २०२१ रोजी मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलाजवळ पाणबुडे मिठी नदीच्या गढूळ पाण्यात उतरले. राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना तेथे आणले होते. त्यांनी वर काढलेल्या वस्तूंत संगणकाचे भाग होते, वाहनांच्या क्रमांकपट्ट्या होत्या आणि सीसीटीव्हीचे चित्रण साठविणारे डीव्हीआरही होते. एका उद्योगपतीच्या निवासस्थानाजवळ स्फोटके ठेवलेली मोटार सापडल्याच्या प्रकरणाचा तो तपास होता. ठाण्यातील एका गृहनिर्माण संस्थेचा डीव्हीआर घटनेनंतर अल्पावधीतच तेथून हलविण्यात आला होता. पुरावा नाहीसा करण्यासाठीच ही यंत्रे नदीत टाकली गेली, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. त्याचा निवाडा न्यायालय करील.

आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांनी या प्रकरणातून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. भिंतीवरच्या कॅमेऱ्यांना कोणी हात लावला नव्हता. उचलली गेली ती त्यांची वही. ज्याला आपली ओळख लपवायची असते, त्याला ती वही कोठे असते हे ठाऊक असते. घरफोडीच्या बातम्या वाचताना ‘जाताना चोरट्यांनी डीव्हीआरही लंपास केला’ हे वाक्य आता इतके नित्याचे झाले आहे की, आपण त्यावरून नजर पुढे सरकवतो. मात्र ज्या घरात ते घडते, त्या घराने कॅमेऱ्यांवर केलेला सर्व खर्च त्या एका वाक्यात वाया गेलेला असतो.

चाळीसगावसारख्या गावाला हा विषय अधिकच लागू पडतो. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील हे जंक्शन, येथूनच धुळ्याकडे जाणारा फाटा, कन्नड घाटातून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग आणि नांदगावकडे जाणारी वाट. व्यापाराला या वाटा जितक्या सोयीच्या, तितक्याच पळून जाणाऱ्यालाही. तासाभरात माणूस जिल्ह्याची हद्द ओलांडू शकतो. अशा वेळी पोलिसांच्या हाती पहिल्या दोन-तीन तासांत चेहरा, चाल, वाहन आणि वेळ यांपैकी काहीतरी पडणे अत्यंत आवश्यक असते. पेटीच गेली असेल, तर तपासाची सुरुवात शेजाऱ्यांच्या ओट्यावरील कॅमेऱ्यापासून करावी लागते.

चित्रण राहते कोठे आणि किती दिवस?

आपल्या घरी बहुधा चार किंवा आठ कॅमेरे असतात. त्यांच्या तारा एका पेटीत येतात. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांसाठी या पेटीला डीव्हीआर म्हणतात आणि नेटवर्कच्या तारेवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी एनव्हीआर. दोहोंच्या पोटात एक हार्ड डिस्क असते आणि घरात काय घडले याची सर्व नोंद तीवर उतरते. मोबाइलवर दिसणारे दृश्य याच पेटीतून येते. पुष्कळांचा समज असा असतो की, ‘मोबाइलवर दिसते, म्हणजे मोबाइलमध्ये साठलेले आहे.’ हा समज खोटा आहे. पेटी गेली की मागचे चित्रणही तिच्याबरोबर जाते.

व्यापाऱ्याला हिशेब आवडतो, म्हणून थोडा हिशेब मांडू. एक कॅमेरा दर सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने नोंद करीत असेल, तर चोवीस तासांत सुमारे १०.८ जीबी जागा लागते. चार कॅमेऱ्यांना सुमारे ४३ जीबी. एक टीबीची डिस्क अशा रीतीने सुमारे २३ दिवसांत भरते. चित्र अधिक स्पष्ट हवे म्हणून वेग दुप्पट केला, तर ती साडेअकरा दिवसांतच भरते. त्यानंतर यंत्र सर्वांत जुनी नोंद पुसून तीवर नवी लिहू लागते. ते कोणाला विचारीत नाही आणि सूचनाही देत नाही. तीर्थयात्रेवरून तीन आठवड्यांनी परतल्यावर पहिल्या दिवशीची चोरी शोधू गेलो, तर ती नोंद पुसली गेलेली असू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांचे चित्रण अठरा महिने आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपून ठेवण्यास सांगितले. घराला एवढ्या काळाची गरज नाही. परंतु आपल्या पेटीत किती दिवसांचे चित्रण राहते, हा आकडा घरातील निदान दोघांना तोंडपाठ असावा. तिजोरीत किती रक्कम आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याला हेही ठाऊक असण्यास अडचण नसावी.

पेटीची जागा

जुन्या पेढीवर मुनीमजी संध्याकाळी रोजमेळ मिटवून वही तिजोरीत ठेवीत. वही गल्ल्यावर उघडी टाकून कोणी घरी जात नसे. आज त्याच कुटुंबाचा डीव्हीआर मात्र दिवाणखान्यात दूरदर्शन संचाखाली, राउटरच्या शेजारी, लुकलुकत्या दिव्यासह मांडलेला असतो. तार बसविणाऱ्याला ती जागा सोयीची पडली, एवढेच त्याचे कारण. चोराला तो शोधावाही लागत नाही.

म्हणून पहिले काम पेटी हलविण्याचे. ती मुख्य खोलीत नसावी, तिजोरीच्या खोलीतही नसावी, कारण चोर त्या दोन खोल्यांत निश्चित जातो. धान्याची कोठी, जिन्याखालचे कपाट, माळ्याचा कोपरा यांपैकी योग्य ती जागा निवडावी. भिंतीत बोल्टने पक्की केलेली, कुलूप असलेली, जाळीची लोखंडी पेटी करून घेतली तर उत्तम. आपल्या गावचा लोहार किंवा फॅब्रिकेटर ती सहज करून देतो. भोके मात्र हवीतच. खानदेशात वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हवा न मिळणारी हार्ड डिस्क लवकर बिघडते. पत्र्याच्या छताखालचा माळा त्यासाठी अयोग्य.

पेटीपर्यंत येणाऱ्या तारा शक्यतो भिंतीतून किंवा नळीतून न्याव्यात. कॅमेऱ्यापासून तारेचा माग काढीत पेटीपर्यंत पोहोचणे हा चोराचा सर्वांत सोपा मार्ग असतो. काही जाणकार एक युक्ती सांगतात. जुना बंद पडलेला डीव्हीआर पूर्वीच्याच जागी, तारा जोडून ठेवावा. घाईत असलेला माणूस समोर दिसेल ते उचलतो आणि समाधानाने निघून जातो. अर्थात त्या जुन्या यंत्रातील डिस्क आधी काढून घ्यावी.

जागा निवडताना पाण्याचाही विचार करावा. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी या नद्यांना आलेला पूर चाळीसगावकर विसरलेले नाहीत. बाजारपेठेतील दुकानांत पाणी शिरले आणि कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. जमिनीलगत ठेवलेली पेटी अशा रात्री चोराशिवायच नाहीशी होते. नदीकाठच्या भागात ज्यांची घरे आहेत, त्यांनी ती वरच्या मजल्यावरच ठेवावी.

दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली

पेटी कितीही लपविली तरी ती सापडू शकते, जळू शकते किंवा बिघडू शकते. म्हणून खरा उपाय एकच. ज्या क्षणी चित्र टिपले जाते, त्या क्षणी किंवा लगोलग त्याची दुसरी प्रत अन्यत्र गेली पाहिजे. हिशेबाची एक प्रत आपल्याकडे आणि एक सनदी लेखापालांकडे असते, त्याचीच ही रीत.

त्याचे तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार कॅमेऱ्यातील मेमरी कार्डाचा. नेटवर्कवर चालणाऱ्या पुष्कळ कॅमेऱ्यांत असे कार्ड बसविण्याची सोय असते. वरील हिशेबाप्रमाणे ६४ जीबीच्या कार्डावर एका कॅमेऱ्याचे सुमारे सहा दिवसांचे चित्रण मावते. पेटी गेली तरी प्रत्येक कॅमेरा स्वतःची छोटी वही बाळगून असतो. जुन्या पद्धतीच्या, डीव्हीआरला जोडलेल्या कॅमेऱ्यांत ही सोय सहसा नसते. शिवाय हात पोहोचेल एवढ्या उंचीवरचा कॅमेरा चोर कार्डासह काढून नेऊ शकतो. म्हणून फाटकावरचा कॅमेरा उंच बसवावा आणि दुसऱ्या एका कॅमेऱ्याच्या नजरेत असावा.

दुसरा प्रकार क्लाउडचा. येथे चित्रण इंटरनेटवरून कंपनीच्या साठवणगृहात जाते. चोर घरात असतानाच त्याचे चित्र घराबाहेर पडलेले असते. चार कॅमेऱ्यांचे अखंड चित्रण पाठवायचे तर वर जाणारा वेग सतत चार मेगाबिट हवा, तो अनेक ठिकाणी टिकत नाही. म्हणून सर्वच न पाठविता केवळ हालचाल झाल्यावरचे तुकडे आणि तेही फाटक, मागचे दार व जिना एवढ्याच कॅमेऱ्यांचे पाठवावे. त्यासाठी दरमहा किंवा वार्षिक शुल्क असते. ते भरण्याची तारीख विम्याच्या हप्त्याबरोबर लिहून ठेवावी. हप्ता चुकल्यामुळे प्रत बंद पडल्याचे चोरीनंतर कळणे फार क्लेशदायक असते.

तिसरा प्रकार आपल्या समाजाच्या राहणीला विशेष सोयीचा आहे. बहुतेक कुटुंबांची पेढी वेगळी, घर वेगळे, भावाचे घर तिसऱ्या गल्लीत आणि एखादे गोदाम किंवा जिनिंग गावाबाहेर असते. घरातील चित्रणाची प्रत इंटरनेटद्वारे पेढीवरील साठवण यंत्रात आणि पेढीची प्रत घरी, अशी अदलाबदल जाणकार तंत्रज्ञ करून देऊ शकतो. खाली दुकान आणि वर घर असलेल्यांनी मात्र ही दोन ठिकाणे दोन समजू नयेत. एकाच छपराखालच्या दोन प्रती आगीत, पुरात आणि चोराच्या एकाच फेरीत एकत्रच जातात.

येथे एक व्यवहार्य अडचण आहे. सराईत चोर आधी खांबावरची वीज तोडतो किंवा इंटरनेटची तार कापतो. त्यावर उपाय म्हणजे पेटी आणि राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवणे, तसेच तार तुटल्यास मोबाइलच्या सिमवर चालणारा राउटर जोडीला ठेवणे. बहुतेक यंत्रांत ‘चित्र येणे बंद झाले’ अशी सूचना देण्याची सोय असते, पण ती चालू केलेली नसते. ती चालू करावी आणि सूचना घरातील दोन व्यक्तींच्या मोबाइलवर जाईल असे पाहावे. रात्री दोन वाजता चारही कॅमेरे एकाच वेळी बंद पडले, तर तो बिघाड समजून झोपी जाऊ नये. शेजाऱ्याला दूरध्वनी करावा आणि ११२ वर कळवावे.

आवाज न करणारी चोरी

आतापर्यंत पेटी उचलून नेणाऱ्या चोराचा विचार केला. चित्रणाची दुसरीही एक चोरी आहे. तीत घराचे कुलूप शाबूत राहते, पेटी जागेवर राहते आणि दूर कोठेतरी बसलेला माणूस आपले घर पाहतो, त्याची प्रत करतो व ती विकतो. धन्याला याची गंधवार्ताही नसते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटमधील एका प्रसूतिगृहातील महिला रुग्णांचे चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर फिरत असल्याचे उघड झाले आणि देश हादरला. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी ज्यांना पकडले, त्यांत आपल्याच महाराष्ट्रातील लातूर व सांगली जिल्ह्यांतील तरुणही होते. ज्या कॅमेऱ्यांनी सुरक्षितता द्यावी, त्यांनीच त्या भगिनींची लाज चव्हाट्यावर आणली. त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील कॅमेरे व डीव्हीआर ताब्यात घेऊन अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली होती. त्या यंत्रांत शिरण्यासाठी तिने वापरलेली किल्ली अगदी साधी होती. कारखान्यातून यंत्राबरोबर आलेला पासवर्ड मालकांनी कधी बदललाच नव्हता.

हाच प्रश्न आपण आज घरी विचारावा. आपल्या पेटीचा पासवर्ड कोणाला माहीत आहे? बहुधा उत्तर असे येते की, ‘ज्याने बसविले त्याला.’ पेढीची किल्ली गावातील कारागिराकडे कायमची ठेवणे आपण मान्य करणार नाही. मग ही किल्ली का ठेवावी? यंत्र बसवून झाले की, पासवर्ड घरच्या माणसाने स्वतः बदलावा. तो लांब असावा आणि त्यात कुलनाम, पेढीचे नाव, मोबाइल क्रमांक नसावा. तो वहीत लिहून तिजोरीत ठेवण्यास हरकत नाही. दुरुस्तीसाठी तंत्रज्ञाला वेगळे, मर्यादित खाते द्यावे आणि काम संपताच ते काढून टाकावे. दोन टप्प्यांत ओळख पटविण्याची सोय असल्यास ती चालू करावी. यंत्राच्या प्रणालीत येणाऱ्या सुधारणा स्वीकाराव्यात. दूरून पाहण्यासाठी राउटरमध्ये पूर्वी कोणी ‘पोर्ट’ उघडून ठेवला असेल, तर तो बंद करून घ्यावा.

पेटीवर एक छोटा क्यूआर कोड चिकटविलेला असतो. अनेक यंत्रांत तो मोबाइलने टिपला की यंत्राची ओळख मिळते. त्याचे छायाचित्र कोणाला पाठवू नये आणि पाहुण्यांना दिसेल अशा जागी तो ठेवू नये. घरातील कोणाचा मोबाइल हरवला, विकला किंवा नोकराला वापरण्यास दिला, तर त्यातील कॅमेऱ्याचे ॲप आधी काढावे आणि पासवर्ड बदलावा. विवाहानंतर दुसऱ्या घरी गेलेली मुलगी, नोकरी सोडून गेलेला मुनीम, वाटणी होऊन वेगळा झालेला भाऊ यांपैकी कोणाकडे अजून प्रवेश आहे का, हेही शांतपणे तपासावे. यात अविश्वास नाही. किल्ल्यांची मोजदाद ठेवणे हा घरधन्याचा धर्मच आहे.

नवा कॅमेरा घेताना आणखी एक गोष्ट विचारावी. केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक निकष बंधनकारक केले आणि ते ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. दुकानदाराकडे त्या तपासणीबद्दल विचारणा करावी व पक्के बिल घ्यावे. स्वस्तात मिळालेला निनावी कॅमेरा पुढे महाग पडतो.

जुनी पेटी भंगारवाल्याला देताना तर विशेष जपावे. डिस्क ‘फॉरमॅट’ केली की सर्व पुसले जाते, असे वाटते. प्रत्यक्षात बहुधा केवळ सूची पुसली जाते आणि पाने तशीच राहतात. जाणकार ती पुन्हा वाचू शकतो. डिस्क काढून घ्यावी आणि उपयोगाची नसेल, तर तिला छिद्रे पाडून ती फोडावी. दुरुस्तीला पेटी पाठवितानाही डिस्क आपल्याकडेच ठेवावी.

शेवटी सर्वांत प्रभावी उपाय असा की, जे टिपलेलेच नाही ते चोरीला जात नाही. शयनगृह, स्नानगृहाकडचा बोळ, सुनेची किंवा मुलीची खोली येथे कॅमेरा असू नये. बाहेरचे दार, अंगण, जिना, तिजोरीच्या खोलीचा उंबरठा एवढे पुरे. स्थानक, उपाश्रय व मंदिरांच्या विश्वस्तांनीही याचा विचार करावा. दानपेटीवर आणि मुख्य दारावर कॅमेरा असणे समजण्यासारखे आहे. परंतु जेथे साध्वीजी विराजमान असतात, त्या भागाचे चित्रण कोणत्याही कारणाने होऊ नये.

न्यायालयात उभी राहणारी नोंद

चित्रण वाचले, पण ते ग्राह्य ठरले नाही, तर काय उपयोग? हा प्रश्न आपल्या शेजारच्या जालन्यातील एका दाव्याने देशभर गाजविला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला का, असा वाद होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण हा त्यातील कळीचा पुरावा होता. खानदेशावरही ज्याचे अधिकारक्षेत्र आहे, त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ती निवडणूक रद्द ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशानराव गोरंट्याल या नावाने ओळखला जाणारा त्याचा निकाल १४ जुलै २०२० रोजी लागला. न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ यंत्र हजर केले तर वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही, पण त्यातील चित्रणाची प्रत द्यायची असेल, तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. त्या दाव्यात ते मिळविण्याचा सर्व प्रयत्न करूनही संबंधित अधिकाऱ्यांनी ते दिले नव्हते, म्हणून सवलत मिळाली आणि रद्द झालेली निवडणूक रद्दच राहिली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत सांगितले आहे. पहिला भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात चित्रणाच्या फाइलची ‘हॅश’ नोंदवायची असते. हॅश म्हणजे त्या फाइलवरून गणिताने काढलेला अक्षर-अंकांचा ठसा. फाइलमध्ये एक बिंदू जरी बदलला, तरी ठसा बदलतो. चोपडीतील खाडाखोड जशी उघडी पडते, तसेच हे आहे.

यासाठी घराने दोन गोष्टी आधीच सांभाळाव्यात. पहिली म्हणजे यंत्राचे घड्याळ. आतील लहान बॅटरी संपली की, वीज गेल्यावर काही पेट्यांची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. चित्रात चोर दिसतो, पण तारीख भलतीच असते. महिन्यातून एकदा मोबाइलच्या घड्याळाशी मेळ घालावा. दुसरी म्हणजे पेटीचा अनुक्रमांक, खरेदीचे बिल आणि बसविल्याची तारीख एका कागदावर लिहून ठेवावी. पेटीच चोरीला गेली, तर तक्रारीत तो अनुक्रमांक देता येतो.

घटना घडल्यानंतर

चोरी झाल्याचे कळताच सर्वजण पेटीभोवती जमतात आणि कोणीतरी बटणे दाबू लागतो. येथेच नुकसान होते. एकाच जाणत्या व्यक्तीने हात लावावा. त्या काळातील चित्रण ‘लॉक’ करावे, म्हणजे यंत्र त्यावर नवे लिहिणार नाही. त्यानंतर यंत्राच्या मूळ स्वरूपातच दोन प्रती दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. पडद्याचे मोबाइलने केलेले चित्रण ओळख पटविण्यास उपयोगी पडेल, पण मूळ प्रतीची जागा ते घेऊ शकत नाही.

पोलिसांनी पेटी नेण्याची गरज दाखविली, तर सहकार्य करावे आणि पंचनाम्यात अनुक्रमांक लिहिला गेला आहे, हे पाहावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृक्श्राव्य चित्रण करायचे असते. पोलीस आहोत असे सांगून कोणी कागदपत्राविना पेटी मागितली, तर ओळखपत्र पाहावे व स्थानिक पोलीस ठाण्यात दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी. पुरावा म्हणून हजर करावयाची इलेक्ट्रॉनिक नोंद बुद्ध्या नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. म्हणून ‘आपल्याच नात्यातला मुलगा दिसतो आहे, पुसून टाका’ असा सल्ला कोणी देऊ नये आणि कोणी तो मानूही नये.

जपलेले चित्रण केवळ चोराला पकडून देते असे नाही. ते निरपराधाला सोडवितेही. वाराणसीतील एका हॉटेलमध्ये झालेल्या मृत्यूच्या प्रकरणात दोन इटालियन नागरिकांना शिक्षा झाली होती. हॉटेलच्या कॅमेऱ्यांचे चित्रण न्यायालयापुढे आणलेच गेले नाही, या गोष्टीला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मोठे महत्त्व दिले आणि त्यांची मुक्तता केली. आपल्या घरातही दागिना सापडेनासा झाला की, पहिला संशय धुणेभांडी करणाऱ्या बाईवर किंवा पेढीवरच्या गरीब पोऱ्यावर जातो. पेटी सुरक्षित असेल, तर त्या गरिबाची अब्रू वाचते आणि आपल्या हातूनही खोटा आळ घेण्याचे पाप टळते. नोंद जपण्यामागचा हा हेतू दागिन्यांपेक्षा लहान नाही.

याच विचाराने एक मोह आवरावा. चित्रण मिळाले की, ते क्षणात समाजाच्या व्हॉट्सॲप गटांवर जाते. त्याने पळालेला चोर सावध होतो आणि चित्रात योगायोगाने दिसलेला भलताच माणूस बदनाम होतो. प्रत पोलिसांना द्यावी आणि त्यांच्या सांगण्याशिवाय ती पुढे पाठवू नये. दुसऱ्याच्या घरातले चित्रण आपल्या मोबाइलवर आले, तर तेही पुढे ढकलू नये. न दिलेली वस्तू घेणे म्हणजे अदत्तादान, हे आपण बालपणापासून ऐकत आलो. चोराने आणलेला माल स्वीकारणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार सांगितला आहे, त्याला ‘तदाहृतादान’ असे नाव आहे. कोणाच्या घरातून चोरलेले चित्र मिटक्या मारीत पाहणे आणि पुढे पाठविणे याला दुसरे कोणते नाव द्यावे, याचा विचार ज्याने त्याने करावा.

पर्वापूर्वीची अर्ध्या तासाची तपासणी

पर्युषण व दशलक्षण पर्वात संध्याकाळच्या प्रतिक्रमणाला घरातील सर्वजण एकाच वेळी बाहेर पडतात. चातुर्मासात व्याख्यानाची वेळ ठरलेली असते. लग्नसराईत आणि यात्रेच्या दिवसांत तर घर दिवसेंदिवस बंद असते. आपल्या घराचे वेळापत्रक बाहेरच्यालाही पाठ होऊ शकते. म्हणून दरवर्षी पर्वाच्या आठवडाभर आधी एक तपासणी करावी. तिला अर्धा तास पुरतो.

प्रत्येक कॅमेऱ्याचे मागच्या रात्रीचे चित्र उघडून पाहावे, केवळ चालू दृश्य पाहून समाधान मानू नये. सर्वांत जुनी नोंद किती तारखेची आहे, ते पाहावे. घड्याळ मेळवावे. दुसरी प्रत खरोखर जात आहे का, हे पेढीवर किंवा क्लाउडमध्ये जाऊन तपासावे. एकदा मुख्य वीज बंद करून यूपीएसवर पेटी व राउटर किती वेळ चालतात, ते मोजावे. एका कॅमेऱ्याची तार काढून मोबाइलवर सूचना येते का, ते पाहावे. कोणाकोणाला प्रवेश आहे, त्यांची यादी वाचावी आणि नको असलेली नावे काढावीत. हे काम घरातील महाविद्यालयात जाणाऱ्या मुला-मुलीकडे सोपविले, तर ते आनंदाने करतात. त्याबरोबर घरातील एका ज्येष्ठ गृहिणीनेही ते शिकून घ्यावे, कारण घरात सर्वाधिक वेळ तीच असते. प्रसंग आला, तर पोलिसांपुढे पेटी उघडून दाखविण्याचे काम तिलाच करावे लागते.

तपासणी झाली की, तारीख आणि तपासणाऱ्याचे नाव तिजोरीतल्या त्याच कागदावर लिहावे, ज्यावर पेटीचा अनुक्रमांक लिहिला आहे. पुढच्या वर्षी कागद काढल्यावर मागची तारीख समोर येईल आणि काम टळणार नाही. यंदाचे पर्व जवळ आले आहे. या आठवड्यात पेढी मिटवून घरी आल्यावर पहिल्यांदा पेटी कोठे ठेवली आहे ते पाहावे आणि ती दिवाणखान्यात असेल, तर तार बसविणाऱ्याला उद्याच बोलवावे.